मायचा डोळा आणि आबांची खुर्ची

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बायकांना पुरुषांपेक्षा उशिरा दिसायला लागतं, आणि वय झालेल्या बायकांना तर फारच उशिरा, हे ज्ञान आमच्या गावात मी आणलं. ते पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांनी ठरलेली ऑपरेशनं रद्द केली, तेव्हा कुठे मला शंका आली की आपण जरा जास्त बोललो.

मी शहाद्याला एका शाळेत भूगोल शिकवतो. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठाला आमचं गाव. तिथून रोज मोटरसायकलने जातो-येतो. भूगोलाच्या मास्तराला डोळ्यातलं काय कळतं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मला पडला नाही. माझ्याकडे फोन आहे, फोनवर सगळं येतं, आणि आलेलं चारचौघांत सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

घरात आम्ही चौघं. माय, म्हणजे माझी आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे आबा. ते घरातले कर्ते. केळी कधी लावायची, कापूस कधी विकायचा आणि मी मिशी किती ठेवायची, हे सगळं तेच ठरवतात. मग मी. आणि माझी बायको सुनंदा, जी मला एक शब्द बोलू देत नाही (ती हेच माझ्याबद्दल सांगते, पण लिहायला मी बसलोय).

आमच्याकडे बाई जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, पदर ओढते. नुसता डोक्यावर नाही, पार नाकाच्या शेंड्यापर्यंत. त्याच्यासमोर बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. सुनंदाच्या पिढीत हा पदर डोक्यापर्यंत मागे सरकला, पण माय जुन्या वळणाची. आणि आबांची खाट ओट्यावर. तिथून अंगण, पाण्याची टाकी, स्वयंपाकघराचं दार, सगळं थेट समोर. म्हणजे आबा घरी असतील तेवढा वेळ माय पदराच्या आत. मी जन्मल्यापासून हे असंच चाललंय, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नाही.

मायच्या मोतीबिंदूचा पत्ता आम्हाला दातांनी लागला. वरणात खडे यायला लागले. आधी सुनंदाने किराणावाल्याला झाडलं, मग मी सुनंदाला झाडलं (ते महागात पडलं), आणि शेवटी एके दिवशी सुनंदाने बघितलं की माय डाळ निवडताना सुपाकडे बघतच नाही, नुसती बोटं फिरवतेय.

"माय, तुले दखास नही का?" मी विचारलं. दखास म्हणजे दिसतं.

"जरासं धुकं शे."

"कव्हयपासून?"

"व्हयनं बरंच. कपाशी येचाले जाऊत तव्हयपासून."

"मंग सांगं का नही?"

"कोनी इचारं?"

दोन्ही डोळे पिकले होते. डावा तर इतका की उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. ऑपरेशनचं नाव काढल्यावर आबा म्हणाले, "बाईमानूसले काय बारीक देखनं पडस? चूल जठे शे तठेच शे. ती कोठे जाई ऱ्हायनी?" सुनंदा आतून म्हणाली (भिंतीला म्हणाली, पण आबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात), "चूल जागावर ऱ्हास, पन तिन्हावरनी कढई सरकस." मायच्या हातावर भाजल्याचा डाग होता. तेवढ्यावर एक डोळा मंजूर झाला. तो चांगला निघाला तर दुसरा, असं ठरलं.

आता यात मायला काय हवं होतं, हे मला फार नंतर सुनंदाकडून कळलं. मायला एकटीने एस.टी.त बसून भावाच्या गावी जायचं होतं. एस.टी.ची पायरी दिसेना झाल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. कुणाला सोबत मागायची म्हणजे त्याचा दिवस मोडायचा, म्हणून तिने मागितलंच नाही. एका डोळ्याने पायरीचा अंदाज येत नाही, दोन्ही लागतात, हे तिचं तिला कळलेलं होतं.

शहाद्याच्या एका डोळ्याच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोबत मी, सुनंदा आणि आबा. घरातला मोठा माणूस नसेल तर डॉक्टरशी बोलणार कोण, असं आबांचं म्हणणं. शेजारच्या खाटेवर मायच्याच वयाचे एक काका होते. त्यांची पट्टी निघाली तसे ते जे बोलायला लागले ते थांबेनात. भिंतीवरची पाल दिसली, पंख्यावरची धूळ दिसली, सिस्टरच्या कानातलं दिसलं. त्यांच्या बायकोला तर त्यांनी नवं लुगडं कधी घेतलंस म्हणून दमच दिला. ते जुनंच होतं, त्याचा रंग त्यांना बऱ्याच वर्षांनी कळला इतकंच.

मायची पट्टी निघाली. वर काळा गॉगल, त्यावर पदर. माय शांत.

काही दिवसांनी तपासणीला गेलो. ज्या खोलीत नजर तपासतात तिथे आबांना आधी आत नेलं, कारण मोठा माणूस. त्यांना बसायला एकच खुर्ची रिकामी होती. ती समोरच्या भिंतीपाशी, बरोबर त्या तपासणीच्या तक्त्याखाली. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून तिथे बसले. डोक्याच्या वर तक्ता, खाली आबा, आणि समोर स्टुलावर माय.

तक्त्यावर अक्षरं नव्हती. शाळेत न गेलेल्या माणसांसाठी तीन दात्यांच्या फणीसारख्या खुणा असतात. दाते कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. सिस्टरने मायचा पदर हलकेच वर केला, डाव्या डोळ्यावर काळी चकती धरली.

"आजी, समोर बघा. दाते कुठे आहेत, बोटांनी दाखवा."

मायने मान खाली घातली.

"आजी, वरची सगळ्यात मोठी खूण. दिसतेय का?"

माय गप्प.

"नाही दिसत म्हणतेय," मी सांगितलं.

माय काहीही म्हणालेली नव्हती. पण मी मास्तर माणूस. पोरगं मान खाली घालून उभं राहिलं म्हणजे त्याला उत्तर येत नाही, हे मला नोकरीने शिकवलंय. सिस्टरने छडीने दुसरी खूण दाखवली. मायची हनुवटी छातीला टेकली.

"हीपण नाही," मी म्हणालो.

"आजींना बोलू द्या ना," सिस्टर म्हणाली.

"ती बोलत नाही फार," मी मायच्या वतीने बोललो.

डॉक्टरांनी मग अंधाऱ्या खोलीत यंत्रावर मायची हनुवटी ठेवली आणि बराच वेळ बघितलं. "डोळा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "भिंग जागेवर आहे, मागचा पडदा चांगला आहे. दिसायला हवं खरं तर." मग थोडा विचार करून म्हणाले, "कधी कधी वेळ लागतो. वय आहे, मोतीबिंदू फार पिकलेला होता. बायका आमच्याकडे उशिरा येतात, हीच मोठी अडचण आहे."

या सगळ्यातून मी तीन शब्द घेतले: वय, बायका, उशिरा. बाकीचं फोनने पुरवलं. त्या दिवसापासून मी शिक्षकांच्या खोलीत, पानटपरीवर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एकच विषय लावून धरला. स्त्रीची नजर पुरुषापेक्षा सावकाश परत येते. का? तर शरीराची रचना. (कुठली रचना, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं.) पुरावा म्हणून एका बाजूला ते पाल बघणारे काका आणि दुसऱ्या बाजूला माझी सख्खी माय. लोक मान हलवायचे. मला बरं वाटायचं. आता सांगायला लाज वाटते, पण माझ्या मायला दिसत नाही याचं दुःख आणि मला कारण कळलंय याचा आनंद, यांत आनंद जरा वरचढ होता.

गल्लीतल्या बाया एकमेकींना सांगू लागल्या, "आपले काय दखास नही म्हने. मास्तर सांगे." ऑपरेशन ठरलेल्या एकेक करून माघारी फिरल्या. आणि आबांनी निकाल दिला, "दुसरा डोया करना नही. एक वाया गया. तो ऱ्हाऊ द्या जसा शे तसा."

हा निकाल ओट्यावर लागला तेव्हा माय दारात उभी होती. काळा गॉगल, पदर, हातात पाण्याचा तांब्या. ती काही बोलली नाही. जेठासमोर बोलायचं नसतं. तांब्या खाली ठेवला आणि भिंत चाचपत आत गेली.

पुढे दोन-चार दिवसांनी सुनंदा मला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "मायले दखास."

"तुन्हं काही तरी."

"मी सोता देखं. आबा मळामा गया व्हतात. माय दारमा उभी. मले म्हने, फाटावर एस.टी. उनी, शाळाना पोरेसले सांग. मी बाहेर उनू ते खरंच एस.टी. उनी व्हती. फाटा आठेथून कितला लांब शे?"

"आवाज ऐकू उना व्हई."

"आवाज बादमा उना."

"अंदाज बांधा व्हई. म्हातारं मानूस शे, अनुभव ऱ्हास."

सुनंदा कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. हे बघणं मला ओळखीचं आहे. यानंतर जे येतं ते प्रश्नांच्या रूपात येतं.

"तुम्ही तिले कव्हय इचारं, दखास का म्हनीसन?"

"रोज इचारस. कालबी इचारं."

"कोठे?"

"ओटावर."

"आबा कोठे व्हतात?"

"...ओटावर."

ती आत निघून गेली. मी मात्र हार मानली नाही. असा सांगोवांगी पुरावा मी मानत नाही. संध्याकाळी मी स्वतः प्रयोग केला. माय अंगणात बसली होती, आबा खाटेवर. मी टाकीपाशी जाऊन एक केळं उंच धरलं.

"माय, मन्हा हातमा काय शे?"

मायने पदर आणखी खाली ओढला.

"काय शे रे ते?" आबांनी खाटेवरून विचारलं. "कनीस शे का?"

आबा चेष्टा करताहेत असं समजून मी हसलो, केळं खाल्लं, आणि माझा सिद्धांत आता पक्का झाला म्हणून सुनंदाला सांगायला गेलो. तिने दार लावून घेतलं.

पुढच्या तपासणीची सूत्रं सुनंदाने हातात घेतली. आबांना न नेता जायचं, असा तिचा बेत. पण आबा आमच्या आधी धोतर नेसून तयार. तिथे पोचल्यावर सुनंदाने सिस्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. सिस्टर हसली नाही, पण तिने लगेच आबांना हाताला धरलं.

"बाबा, चला, तुमचेपण डोळे बघून घेऊ पलीकडच्या खोलीत."

"मन्हा डोयाले काय धाड भरनी?"

"फुकट आहे, बाबा."

आबा गेले. सुनंदाने मलाही बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. मला माझ्या सिद्धांतासाठी हजर राहणं भाग होतं.

तक्त्याखालची खुर्ची रिकामी होती. मायने खोलीत एक नजर फिरवली. मग तिने पदर मागे टाकला. सहज टाकला, जसा ती विहिरीवर किंवा शेतात बायांबरोबर असताना टाकते. चकती डाव्या डोळ्यावर आली, आणि सिस्टरने छडी उचलायच्या आत मायची बोटं वर झाली. मग खाली. डावीकडे. उजवीकडे. एक ओळ संपली की सिस्टर छडी खाली सरकवायची आणि माय जणू तिची वाटच बघत असायची. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत माय अडखळलीसुद्धा नाही.

डॉक्टर धावत आले. "आजी, मागच्या वेळी तर तुम्ही एकही खूण दाखवली नाही. आज काय झालं?"

मायने त्यांच्याकडे सरळ बघून सांगितलं, "तव्हय तुम्हना तक्ताखाले आबा बठेल व्हतात. त्यासनाकडे तोंड करीसन कशी देखू? आनि हात तरी कशा करू?"

"मग दिसतंय असं तोंडाने सांगायचं ना."

"त्यासनासमोर बोलतू नहीत." आणि मग माझ्याकडे बोट करून, "आनि मन्हा आंडोर बोली ऱ्हायंता ना."

आंडोर म्हणजे मुलगा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तक्त्याकडे बघितलं. शेवटची ओळ मला नीट दिसत नव्हती.

तेवढ्यात सिस्टर आबांना घेऊन आली. त्यांना पाहताच मायचा पदर खाली. सिस्टर डॉक्टरांना हळूच काहीतरी सांगू लागली, पण खोली लहान, सगळ्यांनाच ऐकू गेलं. आबांचे दोन्ही डोळे पूर्ण पिकलेले होते. हातभर अंतरावरची बोटंसुद्धा त्यांना मोजता आली नव्हती. माणसं ते पावलांवरून आणि खोकल्यावरून ओळखत होते. दोन वर्षं तरी झाली असतील, डॉक्टर म्हणाले, किंवा जास्तच.

मला केळं आठवलं.

दोन वर्षं तो माणूस खाटेवर बसून होता आणि समोर माय पदराआडून ठेचकाळत होती. त्या खुर्चीत बसून तर त्यांना समोर स्टूल आहे हेसुद्धा दिसलं नसणार. पदराच्या आत मायचे खांदे हलायला लागले. ती हसत होती का रडत होती, ते मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. मी तिला विचारायलाही धजावलो नाही. मला एवढंच कळलं की मला आता कुठल्याही विषयावर एक शब्दही बोलायचा नाही.

आबा काठी चाचपत उभे राहिले. "म्हंजे मी सांगं म्हनीसन तिन्हा दुसरा डोया ऱ्हायना," ते डॉक्टरांना म्हणाले. "पहिले तिन्हा करा. मन्हं मंग देखू."

तसंच झालं. आधी मायचा डावा डोळा, मग आबांचा एक. माय भावाच्या गावी एकटी जाऊन आली. परत आली तेव्हा फाट्यावर एस.टी.तून तिला उतरताना मी लांबून बघितलं. पायरीपाशी ती थांबली, खाली नीट बघितलं आणि उतरली. मी डोळे पुसले आणि मोटरसायकलला विनाकारण किक मारत राहिलो. गल्लीतल्या बायाही एकेक करून दवाखान्यात जाऊन आल्या. मला त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या घरावरून जाताना मात्र मुद्दाम मोठ्याने सांगायच्या की दिसतंय बरं का.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी शहाण्यात जमा झालो असतो. पण आता आबांना दिसायला लागलं होतं. इतके दिवस मायचा पदर नाकापर्यंत असे, तो आता हनुवटीपर्यंत आला.

"माय, हाई काय?" सुनंदा वैतागून म्हणाली.

"आते त्यासले दखास ना," माय म्हणाली.

म्हणजे मी दोन माणसांचे तीन डोळे दुरुस्त करून आणले, आणि मायला पहिल्यापेक्षा कमी दिसायला लागलं. एकदा उंबऱ्याला पाय अडकून ती हंड्यासकट पडता पडता वाचली. पाणी सगळं ओट्यावर. आबा खाटेवरून बघत होते. या वेळी खरंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो तर आबांची खाट फिरलेली. डोकं होतं तिथे पाय, आणि तोंड रस्त्याकडे. अंगणाकडे पाठ करून आबा बसलेले. समोर काय, तर धूळ, उसाचे ट्रॅक्टर आणि सरळ डोळ्यात येणारं ऊन. मला वाईट वाटलं. एवढं ऑपरेशन करून म्हाताऱ्या माणसाने धूळ का बघावी? सुनंदानेच झाडताना फिरवली असणार. मी आबांना हाताला धरून उठवलं, खाट उचलून पुन्हा अंगणाकडे वळवली, त्यांना बसवलं, पाठीशी उशीसुद्धा दिली.

टाकीपाशी माय उभी होती. डोकं उघडं, पदर खांद्यावर, चेहऱ्यावर ऊन. आबांचं तोंड इकडे वळलं तसा तिने घाईने पदर ओढला आणि कळशी टाकीवर आपटली.

आबा उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी खाटेचा एक पाय धरला आणि ती घसटत परत रस्त्याकडे फिरवली. बसले. काठीवर हात ठेवला. मागे मायने पदर पुन्हा खांद्यावर टाकला, कळशी उचलली आणि मला म्हणाली, "तुले आज शाळा नही का रे? तू घर ऱ्हायना का मले कमी दखास."

रविवार होता. तरी मी शाळेत गेलो.